पंधरा जमले का?

[रात्र. फोनचा उजळलेला पडदा. एकामागून एक संदेश.]

‘दादा, सेकंड शिफ्ट लागली.’ ‘सर, आईला घेऊन गावी आलोय.’ ‘येतो, पण मेगाब्लॉक आहे. कल्याणहून कितीला पोहोचेन सांगत नाही.’

शनिवारी रात्री साडेदहाला क्लबच्या चिटणीसाचं काम सुरू होतं. चिटणीस म्हणजे मीच. एके काळी याच रग्बी क्लबात तीन नंबरचा प्रॉप, म्हणजे पहिल्या फळीतला ढकलणारा गडी, होतो. गुडघा गेला आणि हातात वही आली. रग्बीचा संघ पंधरांचा. ही पंधरा नावं वहीत लिहायला एक मिनिट लागतं. रविवारी सकाळी सातला तीच पंधरा माणसं मैदानात उभी करायला अख्खा आठवडा पुरत नाही.

ही गोष्ट २०२५च्या हंगामाची. आमच्या पहिल्या संघाची, ब संघाची, मुलींच्या संघाची, आणि चौदा वर्षांखालच्या त्या टोळीची, जिला संघ म्हणायला अजून थोडा वेळ आहे.

[पाऊस. चिखलात उमटलेले बुटांचे ठसे, त्यांत साचलेलं पाणी.]

मुंबईत रग्बी पावसाळ्यातच का, असं लोक विचारतात. उरलेले आठ महिने इथलं मैदान म्हणजे दगडी पाटा असतो. टॅकल करून, म्हणजे समोरच्याला धरून पाडताना, त्यावर पडलात की कोपराची साल तिथेच राहते. जूनमध्ये जमीन मऊ होते आणि पडायची हिंमत येते. पाऊस लागला म्हणून क्रिकेटवाले मैदान रिकामं करून देतात, असं मात्र समजू नका. कांगा लीग १९४८पासून भर पावसात खेळली जाते. त्यामुळे आमची टचलाइन, म्हणजे कडेची रेघ, कुठे आखायची, हे दर रविवारी त्यांच्या खेळपट्टीवर ठरतं. तिच्यावर पाय पडला तर माळीबुवा रेफरीच्या आधी शिट्टी मारतात.

त्या वर्षी पावसानं आम्हाला गाफील पकडलं. २६ मे रोजीच तो मुंबईत हजर. हवामान खात्याच्या नोंदींत इतक्या लवकर तो इथे कधी आलाच नव्हता. आमचे गोलचे खांबही उभे नव्हते तेव्हा.

खांबांची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती पुढे लागणार आहे. आमच्याकडे लोखंडी खांब नाहीत. गल्लीतला मांडववाला दर मोसमाला बांबू देतो. दोन उभे, दोघांमध्ये ५.६ मीटर अंतर, आणि ३ मीटर उंचीवर एक आडवा. उंची दरवर्षी मोजायला नको, म्हणून उभ्या बांबूंना तिथे निळा टेप गुंडाळलेला असतो. भाडं तो घेत नाही. बदल्यात आमच्या दोन पोरांनी त्याच्या टेम्पोत सामान चढवायचं.

[अंधेरी. प्रकाशझोतातलं मैदान. रेलिंगला चिकटलेली मुलं.]

१५ ते २९ जून या दिवसांत अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांच्या प्रकारातले सामने, आणि शेवटी विजेतेपद चेन्नई बुल्सचं. एका संध्याकाळी आम्ही चौदाखालच्या पोरांना लोकलनं घेऊन गेलो. मध्यंतरात एकानं विचारलं, ‘सर, यांना खेळायचे पैसे मिळतात?’ म्हटलं, मिळतात. तो विचारात पडला. त्याच्या क्लबात उलटा कारभार आहे. खेळाडू महिन्याची वर्गणी देतो, स्वतःचा माउथगार्ड आणतो आणि जर्सी घरी नेऊन धुतो.

[जुन्या चांदीच्या चषकाचं चित्र. नागाच्या आकाराच्या मुठी.]

माणसं जमेनात म्हणून क्लब बंद पडणं ही या देशातली जुनी गोष्ट आहे. कलकत्त्यात १८७२च्या नाताळात इंग्रज मंडळी रग्बी खेळली आणि पाठोपाठ त्यांनी कलकत्ता फुटबॉल क्लब काढला. काही वर्षांतच माणसं गळायला लागली. कोणी पोलोकडे गेलं, कोणी टेनिसकडे. क्लबातली फुकट दारू बंद झाली तेव्हा गळती वाढली, असंही सांगतात, आणि त्यावर माझा सहज विश्वास बसतो. शेवटी उरलेल्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते २७० रुपये वितळवले आणि त्यांचा चषक घडवून १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. तीन मुठी नागांच्या, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपासाठी खेळतात. आमच्या खात्यात जे शिल्लक आहे, त्यातून चमचासुद्धा होणार नाही, तेव्हा क्लब बंद करणं आम्हाला परवडत नाही.

[मुलींचा सराव. एकीनं दुसरीला घोट्याजवळ धरून पाडलंय.]

आता मुलींकडे या. इथे मला रात्री फोन करावे लागत नाहीत. सेव्हन्समध्ये सात जणी लागतात, कबड्डीतही सातच, आणि आमच्या बहुतेक मुली कबड्डीतूनच आलेल्या. लालबाग-परळ पट्ट्यात कबड्डी खेळलेली मुलगी रग्बीला मिळाली की प्रशिक्षकाचं निम्मं काम झालेलं असतं. खाली वाकायचं कसं, समोरचीच्या कमरेकडे बघायचं, डोळ्यांकडे नाही, हे तिला शिकवावं लागत नाही. डाव्या कोपऱ्यावर खेळलेली आमची एक मुलगी आहे. घोटा पकड करताना ती जमिनीलगत असते, खांदा नेमका, डोकं सुरक्षित बाजूला. गळ्यावर हात जाण्याचा प्रश्नच नाही, आणि रग्बीत खांद्याच्या वरचा टॅकल म्हणजे फाउल.

अडचण तिथून पुढे. ती सोडत नाही.

कबड्डीत पकड केली की चढाईवालीचा दम तुटेपर्यंत धरून ठेवायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. रग्बीचा कायदा नेमका उलटा. दोघी जमिनीवर आल्या की दोघींनीही सोडायचं. पकडणारीनं माणूस, पडलेलीनं चेंडू. जुलैभर आम्ही प्रत्येक सामन्यात तिच्यापायी पेनल्टी दिल्या. ती झोकात पकड करायची, रेफरीची शिट्टी वाजायची, आणि ही खालून विचारायची, ‘पण मी धरलं की!’ बाजूला उभं राहून अख्खा संघ ओरडायचा, ‘सोड गं, सोड!’

खो-खोतून आलेल्या एकीची तऱ्हा निराळी. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत वळायचं नाही, ही तिची सवय. तिच्या वेगापुढे कोणी टिकत नाही, पण रग्बीत पुढे पळायचं आणि चेंडू मात्र मागेच द्यायचा. मागे वळून बघायला शिकेपर्यंत तिचा निम्मा मोसम गेला. ऑगस्टमध्ये तिनं पहिल्यांदा न बघता मागे पास दिला आणि कोपऱ्यावाल्या मुलीनं तो झेलून ट्राय केला, म्हणजे गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला. त्या दिवशी मी वहीत निकाल लिहायचा विसरलो.

ब संघाबद्दल फार बोलत नाही. ब संघ म्हणजे पहिल्या संघाला ऐनवेळी माणसं पुरवण्याची सोय. मोसमात तो एकदाही पूर्ण पंधरांनिशी उतरला नाही.

[दहीहंडी. भिजलेले खांदे, एकमेकांत अडकवलेले हात.]

१६ ऑगस्ट, शनिवार, गोपाळकाला. आमचे एक नंबर आणि तीन नंबरचे दोन्ही प्रॉप एकाच गोविंदा पथकात आहेत. जागा कुठली, हे सांगायला नको. सगळ्यात खालचा थर. स्क्रममध्ये, म्हणजे आठ विरुद्ध आठ अशा ढकलाढकलीत, समोरच्या आठ जणांचं ओझं अंगावर घेणारा माणूस थरात कुठे उभा राहील? माझ्या मते उलटंही खरं आहे. पाठ सरळ, गुडघे जरासे वाकलेले, शेजारच्याची पकड घट्ट, आणि वर काय चाललंय ते न बघता तिथेच थांबायचं. प्रॉपला हे शिकवायला प्रशिक्षकाला दोन मोसम लागतात. पथकानं ते आधीच शिकवून ठेवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सामना. दोघे आले, पण हात खांद्याच्या वर जाईनात. रेफरीनं सुरुवातीलाच विचारलं, पहिल्या फळीत प्रशिक्षित माणसं आहेत ना? मी खरं सांगितलं. पहिली फळी तयार नसेल तर स्क्रममध्ये ढकलाढकली करायची नाही, असा नियम आहे. तो मानेच्या हाडांसाठी आहे, त्यात सूट मागू नये. समोरच्या संघाचे आठही जण आडदांड. त्यांची सगळी मदार ढकलण्यावर. ते बिचारे नुसते खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि आमची हलकी, चपळ पोरं मागून निसटत राहिली. आम्ही जिंकलो. वहीत लिहिताना थोडी लाज वाटली, पण लिहिलं.

त्याच सामन्यात आमचा विंगर डोक्यावर पडला. उठला, हसला, म्हणाला, ‘ठीक आहे मी.’ मैदानालगत उभ्या असलेल्या आमच्या फिजिओ ताईंनी त्याला विचारलं, आपण कुठल्या बाजूला खेळतोय? त्यानं दोन्ही बाजूंना बघितलं. झालं, बाहेर. डोक्याच्या माराची नुसती शंका आली तरी खेळाडूला परत आत पाठवायचं नाही. तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

सोमवार-मंगळवारी शहरात पाणी भरलं, शाळांना सुट्टी मिळाली, लोकल ठप्प झाल्या. बुधवारी पाऊस जरा ओसरला आणि मांडववाल्याचा टेम्पो मैदानाशी येऊन उभा राहिला. गणपती आठवड्यावर आलेले. त्याला बांबू हवे होते.

[मैदान. खांब नाहीत. दोन खड्डे, काठोकाठ पाणी.]

गणपतीत आमचा क्लब कोकणात असतो. मैदानावर कोणी नाही, फोन लागत नाहीत. लागलाच तर मागून टाळ ऐकू येतात. अनंत चतुर्दशीनंतर परतलेले, मोदकांनी जडावलेले पंधरा जण १४ सप्टेंबरला शेवटच्या सामन्याला उभे राहिले. हो, पंधरा. मोजले, पुन्हा मोजले. मेगाब्लॉक असून पंधरा.

खांब मात्र नव्हते. मांडववाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘आता देवीचे मांडव.’ दोन्ही कर्णधारांनी ठरवलं, ट्रायचे ५ गुण तेवढे धरायचे, कन्व्हर्जनचे, म्हणजे ट्रायनंतर खांबांमधून मारायच्या किकचे, २ आणि पेनल्टी किकचे ३ विसरायचे. त्यांचे तीन ट्राय झाले, आमचे दोन. वेळ संपता संपता दोन्ही प्रॉप चिखलातून एकाच ढिगात पुढे सरकले आणि कोपऱ्यातल्या झेंड्याशी कोणीतरी चेंडू टेकवला. कोणी, ते सगळ्यांच्या तोंडावर चिखल असल्यामुळे आजही वादात आहे. बरोबरी. कन्व्हर्जन असतं तर जिंकलो असतो, असं काही जण अजून म्हणतात. त्या कोनातून आमच्या किक मारणाऱ्या दहा नंबरनं चेंडू थेट बेस्टच्या बसवर मारला असता, हे मी त्यांना सांगत नाही.

[नवरात्र. रात्र. गरब्याचा आवाज लांबून. मांडवाच्या कडेला सात-आठ मुली.]

२७ सप्टेंबर. लंडनला ट्विकनहॅममध्ये महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध कॅनडा. मैदानात ८१,८८५ माणसं. इथे एक फोन आणि आमचा संघ. कॅनडाच्या मुलींनी या मोहिमेसाठी लोकांकडून सुमारे १० लाख डॉलर गोळा केले होते, हे मी सांगितलं तेव्हा आमची कर्णधार म्हणाली, ‘म्हणजे वर्गणीच की!’ तेव्हापासून सगळ्या कॅनडाच्या बाजूच्या. इंग्लंड ३३-१३ जिंकलं.

फोन मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवला होता. खांबावर, डोक्याच्या बऱ्याच वर, निळा टेप होता. पडद्यावर कोणीतरी कोणाला तरी झकास पाडलं, दोघी खाली आल्या, आणि शिट्टी वाजायच्या आधीच डाव्या कोपऱ्याची आमची मुलगी फोनवर ओरडली, ‘सोड गं, सोड!’