रंगावर जाऊ नका, पान बघा

ऑगस्ट सरत आला की न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात ओढ्याकाठची आणि रस्त्याकडेच्या चरांतली एल्डरबेरीची, म्हणजे शिजवून खायच्या एका रानफळाची, झुडपं फळांच्या भाराने वाकतात. फळ जेमतेम मिरीच्या दाण्याएवढं, जांभळट काळं.

याच दिवसांत, अगदी जवळपास, पोकवीड नावाचं रानझुडूपही पिकतं. तेही काळं, रसरशीत, आणि विषारी. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. आधी घोस बघा. पोकवीडची फळं एकाच लांब, भडक गुलाबी दांड्याला लगडून खाली लोंबतात. एल्डरबेरीचा घोस पसरट; देठाला फाटे, फाट्यांना आणखी फाटे.

मग पान. पोकवीडचं पान एकसंध आणि मोठं. एल्डरबेरीच्या एका देठावर बहुधा पाच ते नऊ दातेरी पर्णिका (एकाच पानाचे छोटे भाग) असतात, आणि अशी पानं फांदीवर समोरासमोर, जोडीनेच येतात. ही जोडी दिसली नाही, तर हात लावू नका. जून फांदीच्या सालीवर बारीक पुटकुळ्या असतात, आणि फांदी मोडली की आत मऊ पांढरा गाभा. जूनमधल्या पांढऱ्या फुलांवरून ओळखायला जाल, तर जास्तच जपा. ओल्या जागी वाढणाऱ्या जीवघेण्या वॉटर हेमलॉकलाही तसाच पांढरा फुलोरा येतो. त्याला साल नसते, खोड हिरवं, पोकळ. पानं एकाआड एक.

झाड बरोबर ओळखलं, तरी काम अर्धंच झालं. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरे परगण्यात काही जणांनी रानातल्या एल्डरबेरी पानं-डहाळ्यांसकट चेचून रस काढला आणि कच्चाच प्यायला. थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या, ८ जणांना हेलिकॉप्टरने इस्पितळात हलवावं लागलं. सुदैवाने सगळे बरे झाले. पानं, डहाळ्या आणि कच्ची फळं यांतल्या द्रव्यांपासून पोटात सायनाइड तयार होतं.

म्हणून घरी निवडताना घाई नको. घोस आधी फ्रीजरमध्ये ठेवला, तर काट्याने फळं भराभर सुटतात. मग पाण्यात टाका. हिरवी फळं आणि कचरा वर तरंगतो, तो काढा. देठ एकही राहू देऊ नका. फळं चांगली उकळा, फडक्यातून गाळा, बिया टाकून द्या. उरलेल्या गडद रसात साखर, लवंग, थोडं लिंबू घालून आटवलं की सिरप तयार.

हे सिरप सर्दी-तापावर हमखास औषध म्हणून विकलं जातं. तसा ठाम पुरावा नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर डॉक्टर टाळू नका. चवीसाठी मात्र जरूर करा: घट्ट दह्यावर, नाहीतर गरम घावनाबरोबर.