प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम : लग्नसराईआधीची खरेदी

(दृश्य : लातूरची गंजगोलाई. तिथून फुटणाऱ्या एका रस्त्यावर, पहिल्या मजल्यावरचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ.)

तुळशीचे लग्न लागले की मराठवाड्यातील स्टुडिओंना उसंत राहत नाही. साखरपुडा, हळद, लग्न आणि वरात मिळून एकेका कार्याचे शेकडो जीबी चित्रीकरण संकलनाच्या टेबलावर येऊन पडते. ते ज्या संगणकावर कापायचे आणि जोडायचे, तो मात्र अनेक ठिकाणी अजूनही सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर आणि आठ जीबीच्या एकाच रॅम स्टिकवर चालतो. २०१७ साली ही यंत्रे चांगलीच होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला, आणि विंडोज ११ ज्या इंटेल प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारते त्यांची यादी मोजके अपवाद वगळता आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणून लांबवलेली खरेदी आता टाळता येण्यासारखी राहिलेली नाही.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न बहुधा प्रोसेसरचा निघतो, मग बोर्डचा (म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डचा), आणि उरलेल्या पैशांत बसेल तेवढी रॅम घेतली जाते. ही पद्धत फसवी आहे, कारण या तीन वस्तूंची खरेदी हा मुळात एकच निर्णय असतो. प्रोसेसर कोणत्या सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डवरील खोबणीत, बसतो यावरून बोर्ड ठरतो, आणि बोर्डवरूनच रॅम डीडीआर४ की त्यानंतरच्या पिढीची डीडीआर५ हे ठरते.

(दृश्य : जुन्या बोर्डवरील रिकामे सॉकेट, अगदी जवळून.)

सॉकेट जुळले म्हणजे काम झाले, असेही नाही. इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीचे सॉकेट दिसायला सारखेच आहे आणि दोन्हींतील संपर्कबिंदूही ११५१ च आहेत. तरीही आठव्या पिढीसाठी ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डवरील भागांचा समन्वय साधणारी चिप) असलेला नवा बोर्ड लागतो. जुन्या बोर्डवर फक्त नवा प्रोसेसर बसवून भागवू, असे म्हणणाऱ्या सातव्या पिढीच्या मालकाला म्हणूनच तिन्ही वस्तू बदलाव्या लागतात. याउलट ज्याने २०१८ च्या सुमारास इंटेलची स्पर्धक एएमडी हिचा रायझन ५ २६०० हा प्रोसेसर आणि बी ४५० चिपसेटचा बोर्ड घेतला असेल, त्याने आधी बोर्डच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरांची यादी उघडावी. तेच एएम४ सॉकेट पुढेही चालू राहिल्यामुळे, बायॉस (बोर्डमधील मूळ आज्ञावली) अद्ययावत करून २०२२ चा रायझन ५ ५६०० त्याच बोर्डवर, त्याच रॅमसह चालवता येतो. या गृहस्थाला सर्वात स्वस्त अपग्रेड आधीच घरात मिळाले आहे. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की ५६०० मध्ये अंतर्गत ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारा प्रोसेसरमधलाच भाग, नाही, तेव्हा जुने ग्राफिक्स कार्ड काढून विकू नये.

(दृश्य : संकलनाचा पडदा. चित्रफीत पुढे सरकते, अडखळते, पुन्हा सरकते.)

आता कामाकडे पाहू. अलीकडचे अनेक कॅमेरे दहा बिट, ४:२:२ या बारकाईच्या रंगनोंदीत आणि एचईव्हीसी या दाबून साठवण्याच्या स्वरूपात चित्रीकरण करतात. अशा फिती उलगडताना प्रोसेसरच्या साध्या कोअर (गणना करणारे विभाग) दमतात. मात्र इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अंतर्गत ग्राफिक्समध्ये हे काम करणारा स्वतंत्र भाग असतो, आणि प्रीमिअर प्रो हे संकलनाचे सॉफ्टवेअर त्याचा उपयोग करून घेते. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. थोडक्यात, जुने ग्राफिक्स कार्ड कायम ठेवून संगणक सुधारणाऱ्या स्टुडिओने, नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. त्या ‘एफ’चा अर्थच अंतर्गत ग्राफिक्स बंद असा आहे. खेळ खेळणाऱ्या मुलासाठी ती बचत योग्य आहे. एडिटिंग करणाऱ्यासाठी ती नेमक्या कामाच्या गोष्टीवर पाणी सोडणे होय.

याच कारणाने इंटेलच्या कोअर आय ५ १४४०० आणि १४५०० या प्रोसेसरांतला फरक नुसता कोअरच्या संख्येत शोधू नये. पहिल्यात दहा कोअर आहेत आणि दुसऱ्यात चौदा, हे खरे. पण पहिल्याच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये चित्रफिती हाताळणारे एक इंजिन आहे आणि दुसऱ्याच्या दोन. दोन-तीन कॅमेऱ्यांचे चित्रीकरण एकाच वेळी समोर लावून कापणाऱ्याला माझ्या मते १४५०० चे जास्तीचे पैसे सोसावेत. या दोघांचे एलजीए १७०० हे सॉकेट आता पुढे वाढणार नाही, तर एएमडीने आपल्या एएम५ सॉकेटचा आधार किमान २०२७ पर्यंत देण्याचे जाहीर केले आहे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र जो स्टुडिओ एकच यंत्र आठ वर्षे वापरतो, त्याच्या दृष्टीने या आश्वासनाचे मोल कमीच. तोवर बोर्डही बदलायलाच येतो.

(दृश्य : मे महिन्याची दुपार, पत्र्याचे छत, भिंतीवरचा पंखा.)

बोर्ड निवडताना मराठवाड्याचा उन्हाळा हिशेबात धरावाच लागतो. १४५०० ची मूळ वीजमर्यादा ६५ वॅट असली, तरी पूर्ण जोरात तो १५४ वॅटपर्यंत जाऊ शकतो, आणि ही वीज त्याला बोर्डवरील व्हीआरएम नावाच्या भागातून मिळते. बाहेर पारा चाळिशीपार गेलेला असताना, त्या भागावर धातूची पट्टीही नसलेला बोर्ड तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो. मग तासाभराची फीत बाहेर काढायला अपेक्षेपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि दोष मात्र प्रोसेसरला दिला जातो. एच ६१० चिपसेटच्या बोर्डवर रॅमच्या दोनच जागा असतात आणि रॅमचा वेग वाढवण्याची सोयही नसते. दुकानाच्या काउंटरवर बिले बनवायला तो उत्तम आहे. संकलनासाठी मात्र बी ७६० चा, चार जागांचा आणि व्हीआरएमवर ठसठशीत पट्ट्या असलेला बोर्ड घ्यावा.

बी ७६० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, मात्र एका बोर्डवर बहुधा एकच प्रकार चालतो. दोन्ही प्रकारांच्या स्टिकला २८८ संपर्कबिंदू असले, तरी मधली खाच वेगळ्या जागी असल्याने एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही. २०२५ च्या उत्तरार्धापासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आहेत, म्हणून जुनी रॅम वाचवण्याचा मोह होतो. स्टुडिओत डीडीआर४ च्या १६ जीबीच्या दोन चांगल्या स्टिक पडून असतील, तर तो मोह शहाणपणाचा आहे. आठ जीबीच्या एकुलत्या २४०० वेगाच्या स्टिकसाठी डीडीआर४ चा बोर्ड घेणे मात्र चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ठरेल.

रॅम जोडीनेच घ्यावी. डीडीआर४ च्या ३२०० वेगाच्या एका स्टिकमधून सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाऊ शकते. दोन वेगळ्या वाहिन्यांत दोन स्टिक असतील तर ही क्षमता दुप्पट होते. चार जागांच्या बोर्डवर ही जोडी साधारणपणे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसवतात. पुढे वाढवू म्हणून लहान-लहान चार स्टिक घेण्यापेक्षा १६ जीबीच्या दोन बऱ्या, कारण डीडीआर५ मध्ये चारही जागा भरल्या की वेग सहसा उतरवावा लागतो.

(दृश्य : नव्या बोर्डच्या सॉकेटवरील काळे झाकण उचलले जाते.)

बोर्ड छत्रपती संभाजीनगरहून आणलेला असो की पुण्याहून कुरिअरने आलेला, त्याच्या सॉकेटमधील पिना ताब्यात घेतानाच, उजेडात, तिरक्या कोनातून पाहाव्यात. त्या केसासारख्या बारीक असतात आणि वाकलेली पिन वॉरंटीत धरली जात नाही. जोडणी झाल्यावर पहिल्यांदा यंत्र सुरू करताना, विशेषतः डीडीआर५ असल्यास, पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड त्या वेळी रॅमशी जुळवून घेत असतो, म्हणून घाईने वीज बंद करू नये. नंतर बायॉस अद्ययावत करावे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या काही प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती आणि तिच्यावरचा उपाय २०२४ मध्ये बायॉसमार्फतच देण्यात आला; जुना साठा विकत घेणाऱ्याने ही पायरी चुकवू नये. बायॉसमध्येच एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय) चालू केली नाही, तर वेगवान रॅमसुद्धा आपल्या मूळ कमी वेगानेच धावत राहते. हे सारे झाल्यावर एक रात्रभर मेमटेस्ट ही रॅममधील दोष शोधणारी चाचणी लावावी, आणि ती निर्दोष पार पडल्यानंतरच पहिल्या लग्नाच्या कॅमेऱ्यांची मेमरी कार्डे या यंत्रावर उतरवून रिकामी करावीत.