काडीवरचा संत्रा

नमस्कार मंडळी. भाजी निवडत असाल तर निवडत राहा, पोळ्या लाटत असाल तर लाटत राहा. मधे दोन-चार मापं सांगीन, तेवढ्यासाठी एक पेन्सिल हाताशी असू द्या.

आजचा पदार्थ अगदी सोपा. केकचे चौकोनी तुकडे आणि फळं बांबूच्या काडीवर ओवायची, गार करायची आणि पोरांच्या हातात द्यायची. भट्टी नाही, ओव्हन नाही. गॅस लागतो तो पाच मिनिटं, तोही वाटीभर चॉकलेट वितळवायला. एवढं सांगून मी इथून उठले तरी चालेल, कारण कृती खरोखर एवढीच आहे. पण या एवढ्याशा कृतीनं गेल्या फेब्रुवारीत माझी चारचौघांत चांगली फजिती केली.

नातवाचा सातवा वाढदिवस होता. आमच्या लेआउटमधले पंधरा-सोळा पोट्टे संध्याकाळी यायचे होते. मी मोठ्या हौसेनं सकाळी अकरालाच चाळीस काड्या ओवून टाकल्या. केक, संत्रा, केक, स्ट्रॉबेरी, केक, संत्रा. दिसायला काय सुरेख! वर ओलं फडकं झाकलं, फळं सुकू नयेत म्हणून. संध्याकाळी सहाला फडकं काढलं तर केकचा लगदा होऊन तो काडीवरून खाली घसरलेला, आणि फोडी तेवढ्या वर अडकलेल्या. एका पोट्ट्यानं काडी उचलली, उरलासुरला केक सतरंजीवर पडला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, हे त पडून राह्यलं ना!" शेवटी सूनबाईनं सगळं एका पातेल्यात काढलं, वरून थंड कस्टर्ड ओतलं आणि वाट्यांमधून दिलं. पोरांनी चाटूनपुसून खाल्लं. मी मात्र रात्री बराच वेळ हिशेब करत होते की माझं नेमकं चुकलं कुठं.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. साखरही तेच करते. केकमध्ये साखर असते. कापलेल्या फळाचा ओला भाग तिला लागला की ती फळातलं पाणी ओढून घेते, आणि केक तर स्पंजासारखाच, मिळेल तेवढं पिऊन घेतो. वर मी ओलं फडकंही झाकलेलं! म्हणजे या पदार्थात शिजवायचं काहीच नाही, पण पाणी कुठं आहे आणि ते कुठं जाणार, याचा विचार आधी करावा लागतो.

आता संत्रा. पुण्याची माझी भाची मला नेहमी दुरुस्त करते, "मावशी, ते संत्रं." असेल तिकडे. आमच्याकडे नागपुरात तो संत्रा, पुल्लिंगी, आणि त्याच्या नावावर 2014 साली भौगोलिक मानांकनाची, म्हणजे हे फळ याच भागाचं असल्याची, मोहोरही उमटलेली आहे. परदेशी पुस्तकांतल्या अशा काड्यांवर स्ट्रॉबेरी असते, ब्राउनी असते, पांढरे गुबगुबीत मार्शमेलो असतात. मला त्याचं काही वावडं नाही. पण नागपुरात राहून फळाची काडी करायची आणि तिच्यावर संत्रा नाही, हे माझ्या मनाला पटत नाही. अडचण अशी की काडीवर ओवायला सगळ्यात अवघड फळ तेच. साल सैल, फोडी एकमेकींपासून चटकन सुटणाऱ्या, पापुद्रा पातळ, आत रसच रस आणि बिया.

आपल्याकडे संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराचा मोहोर जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि फळ दिवाळीच्या आगेमागे निघतं. मृग बहाराचा मोहोर पावसाच्या तोंडाशी, फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. मला विचाराल तर काडीसाठी मृगाचाच घ्यावा, तो जास्त गोड असतो. त्याच दिवसांत बाजारात नाशिकची द्राक्षं आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही असते. तिन्ही एकाच वेळी मिळण्याचे दिवस थोडे, त्यामुळे हा बेत आत्ताच करून घ्या.

गोकुळपेठच्या बाजारात मी ज्या फळवाल्याकडून घेते त्याला मी विचारलं, "भाऊ, सैल सालीचे आहेत का?" त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. "काकू, लोक वजनदार पाहून घेतात, तुम्ही फुगलेले काऊन मागून राह्यल्या?" बरोबर होतं त्याचं. खायला, रस काढायला हाताला जड लागणारा संत्राच घ्यावा. साल फुगून फोडींपासून सुटली असेल तर फळ झाडावर जरा जास्त राहिलेलं असतं, आतला रस किंचित कमी झालेला असतो. पण मला नेमकं तेच हवं होतं. अगदी कोरडाठण्ण नको, तर सोलताना फोड फुटणार नाही इतपत सैल. त्यानं मान हलवत निवडून दिले, आणि दोन रुपये कमीही घेतले.

सोलल्यावर फोडींवरच्या पांढऱ्या शिरा नखानं हलकेच ओढून काढा. सगळ्या निघाल्या नाहीत तरी हरकत नाही, पण पापुद्रा फाटू देऊ नका. आणि मग मला सापडलेली युक्ती: सुट्या केलेल्या फोडी एकमेकींना न चिकटवता ताटात मांडायच्या आणि तशाच, उघड्या, फ्रिजमध्ये तासभर ठेवायच्या. झाकायचं नाही. तासाभरात पापुद्रा वरून सुकतो, बोट फिरवलं तर कागदासारखा करकरतो. आत रस तसाच असतो. अशी फोड काडीवर गेली तरी भळभळ रस सोडत नाही.

ओवायची कुठून, तर पोटातून नाही. फोडीची एक बाजू पातळ असते, जिथं ती मधल्या दांड्याला चिकटलेली असते, आणि बिया तिथंच असतात. दुसरी बाजू सालीकडची, जाड आणि गोलसर. काडी या जाड बाजूच्या जवळून, आडवी घालायची. बियांना धक्का लागत नाही आणि भोकही लहान पडतं. पोरं लहान असतील तर आधी पातळ कडेला कात्रीनं बारीक चीर देऊन बी काढून घ्यावी, पण मग ती फोड अगदी शेवटी ओवायची. इथं अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथं बिनबियांच्या संत्र्यावर काम झालेलं आहे. मला बाजारात मिळतो तो अजून बीवालाच, त्यामुळे कात्री सुटत नाही.

केकबद्दल फार बोलत नाही. क्रीमचा केक नको, अगदी ताजा मऊ स्पंजही नको. बेकरीत चौकोनी वडीसारखा साधा बार केक मिळतो, तो एक दिवस आधी आणून फ्रिजमध्ये ठेवा. शिळा आणि गार केक सरळ कापला जातो, भुगा कमी पडतो. ब्रेड कापायची दातेरी सुरी घ्या, दाबू नका, करवतीसारखी ओढा. तुकडा इंचभराचा. बिनअंड्याचा असेल तर जरा भुसभुशीत असतो, मग तुकडे किंचित मोठे ठेवा आणि काडी गोल फिरवत हळूहळू आत सारा. सरळ खुपसली की केकला तडा गेलाच समजा.

आता चॉकलेट. बहुतेक जण ते शोभेसाठी वरून रेघोट्या मारायला वापरतात. माझ्याकडे त्याला काम आहे. पावसाळ्याआधी आपण गच्चीला डांबर मारतो की नाही? तसं केकच्या तुकड्याच्या ज्या दोन बाजू फळाला लागणार, त्यांना चॉकलेटचा पातळ हात द्यायचा. चॉकलेटमधली चरबी पाणी आत जाऊ देत नाही. लहान पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करून गॅस बंद करा, वर कोरडी वाटी ठेवून तीत शंभर ग्रॅम चॉकलेटचे तुकडे ढवळत वितळवा. वाटी कोरडी हवी म्हणजे कोरडीच हवी. वाफेचा एक थेंब आत गेला की चॉकलेट आटल्यासारखं होऊन त्याचा खरखरीत गोळा बनतो, आणि मग ते ब्रशला येत नाही. झालंच तसं, तर फेकू नका. त्यात दोन-तीन चमचे कढत दूध घालून घोटलं की छान सॉस होतो, तो आइस्क्रीमवर घाला आणि डांबरासाठी नवं चॉकलेट घ्या.

फेब्रुवारीत हे जमून जातं. मे महिन्यात नाही. चॉकलेटमधलं कोकोचं लोणी साधारण 34 अंशांना वितळतं, आणि आपला उन्हाळा 45 च्या घरात. पंख्याखाली ठेवलेलं चॉकलेट तिथं कसलं आळतंय! उन्हाळ्यात मी डांबर वगळते आणि केक अन् फळ वेगवेगळ्या काड्यांवर ओवते. फळाच्या काडीवर टरबूज आणि डांगर. हो, कलिंगड आणि खरबूज म्हणणाऱ्यांनी आपापल्या भाषेत समजून घ्या.

मापं लिहून घ्या. बारा काड्यांसाठी दोनशे ग्रॅम बार केक, त्याचे चोवीस तुकडे. संत्रे तीन. टणक द्राक्षं छत्तीस. स्ट्रॉबेरी बारा, लहान. चॉकलेट शंभर ग्रॅम. काड्या आठ इंची. पुन्हा सांगते: केक दोनशे ग्रॅम, संत्रे तीन, द्राक्षं छत्तीस, स्ट्रॉबेरी बारा, चॉकलेट शंभर ग्रॅम.

काड्यांच्या पाकिटावर अर्धा तास पाण्यात भिजवा असं लिहिलेलं असतं. ते निखाऱ्यावर भाजणाऱ्यांसाठी, काडी जळू नये म्हणून. आपल्याला कोरडीच काडी हवी. फक्त दोन बोटांत धरून एकदा पुसून घ्या, कारण बांबूची बारीक कूस निघते आणि ती जिभेला टोचते.

ओवायचा क्रम मी आता असा ठेवते. सगळ्यात खाली द्राक्ष, ते बूच. मग केक. मग परत द्राक्ष, मग संत्र्याच्या दोन फोडी, मग द्राक्ष, मग केक आणि टोकाला स्ट्रॉबेरी. संत्रा आणि केक यांच्यामध्ये कायम द्राक्ष. त्याला अखंड साल असते, ते आपलं पाणी आपल्यापाशी ठेवतं. दोन भांडखोर भावंडांच्या मध्ये आजीनं बसावं, तसं. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, पुसा, मगच देठ काढा. आधी देठ काढला तर ती आतून पाणी पिते. द्राक्षंही धुवून, फडक्यावर पसरून अगदी कोरडी होऊ द्या.

सफरचंद आणि केळं मी घेत नाही. हवा लागली की काळी पडतात. लिंबाचा रस चोळला तर काळेपणा थांबतो, पण मग परत ओलावा आला, आणि केळ्याला लिंबू मला आवडतही नाही.

सोबत बुडवून खायला चक्का घ्या. पाव किलो चक्क्यात चार मोठे चमचे पिठीसाखर फेटायची आणि एका संत्र्याची साल बारीक किसणीवर हलक्या हातानं किसून घालायची. फक्त वरचा केशरी भाग. खालचा पांढरा आला की कडू. रस मुळीच घालू नका, चक्का पातळ होतो. सगळा वास सालीतच असतो. माझे यजमान काड्या बाजूला ठेवून हा चक्काच पोळीशी खातात, त्यामुळे मी आता दीडपट करते.

काड्या खायच्या आधी फार तर दोन तास ओवा, फ्रिजमध्ये ठेवा आणि पाहुणे बसल्यावरच बाहेर काढा. कापलेली फळं उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नयेत. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकतं. त्यांच्या वाटणीचं उभं चिरून वाटीत द्या आणि काडी हातात देऊच नका. मोठ्या मुलांसाठी टोक कात्रीनं उडवा, आणि काडी तोंडात धरून पळायचं नाही, हे एकदा जोरात सांगून ठेवा. ऐकतील न ऐकतील.

मांडायचं कसं, ते राहिलं. ताटात आडव्या ठेवल्या तर केक खालून दबतो. मी पत्ताकोबीचा मोठा गड्डा घेते, खालून चपटा कापते म्हणजे डगमगत नाही, धुवून पुसून त्यावर चांदीचा कागद लपेटते आणि काड्यांचा मोकळा भाग त्यात खोचते. साळिंदरासारखं दिसतं. नातू त्याला साळूच म्हणतो. यंदा त्याच्या आठव्या वाढदिवसाला दोन साळू केले. गेल्या वर्षीचा तो पोट्टाही आला होता. त्यानं काडी उचलली, उलटी करून दोनदा झटकली, काही पडतंय का बघितलं, आणि मग खाल्ली.

दुसऱ्या दिवशी कागद काढून गड्ड्याची भाजी केली. जरा भोकं होती, पण चिरल्यावर कोणाला कळतंय? नमस्कार.