माळ्यावरची लाँच

(ठाण्यात, नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. माइक जरा लांब ठेवतो. पस्तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये मशीनच्या आवाजात बोलायची सवय, तुमचे कान जायचे.

हल्ली ठाण्यात एखादी इमारत पुनर्विकासाला निघाली की सगळ्यात आधी माळे रिकामे होतात. पितळी बंब, पाट, फुटकी पेटी, कुणाच्या तरी मुंजीतलं घंगाळ. खाली भंगारवाला वजनकाटा घेऊन उभाच असतो. आमच्या गल्लीतल्या अशाच एका घरातून मला हाक आली. "तुम्ही ते बोटींचं करता ना? बघा, नाहीतर याला देऊन टाकतो." उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली ही मॉडेल लाँच. हाक मारणाऱ्या गृहस्थांच्या वडिलांनी केलेली. वडील गोदीत फिटर होते.

सत्तावीस इंच लांब. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला, मोऱ्याला जातात तसली प्रवासी लाँच. आता टेबलावर दिसते तशी ती नव्हती. डेक मधोमध उचकटलेलं, सुकाणू गायब, बॅटरीचे सेल आतच फुटून हिरवट पांढरी बुरशी धरलेली, आणि नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, रंग पापडासारखा सुटलेला.

पुढचं सांगण्याआधी एक कबुली. याआधी मी एका मच्छीमार मित्राचं जुनं मचव्याचं, म्हणजे शिडाच्या होडीचं, मॉडेल दुरुस्त केलं होतं. तेव्हा हातात नवीन सँडर आला होता, अंगात जोर होता. एका रविवारी सगळा रंग खरवडून लाकूड गुळगुळीत केलं, वर फ्रेंच पॉलिश, डोलकाठी नवी, परबाण, म्हणजे शिडाची आडवी काठी, नवं, शीड नवं. आरशासारखा चकचकीत मचवा त्याच्या हातात दिला. त्यानं उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "नवीनच घेतला असता तर सोस्त पडला असता ना?" नाळेच्या दोन्ही बाजूंना त्याच्या आजोबांनी रंगवलेला नंबर होता. तो मी त्या रविवारी केरात टाकला होता. मचवा त्यानं नेला, पण त्याच्या घरी तो मला परत कधी दिसला नाही.

म्हणून या लाँचला मी पहिला महिनाभर हत्यार लावलं नाही. नुसती पाहिली. बॅटरीचा भिंग, वही, व्हर्निअर आणि मोबाइलचा कॅमेरा.

जुन्या मॉडेलचा नकाशा नसतो. खऱ्या जहाजांचेही नकाशे हरवतात म्हणा. मुंबईत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमली' ही फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. तिचे नकाशे विलायतेहून निघाले ते 'जावा' नावाच्या जहाजातून, आणि ते जहाज १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांनी लढाईत संपवलं. नकाशे गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली. माझ्याकडे दुसरी प्रत कुठून येणार? जी काही प्रत होती ती ही बोटच.

तर ती वाचायची कशी? भोकांवरून. डेकवरचं प्रत्येक भोक कशासाठी तरी पाडलेलं असतं. गच्चीच्या कडेनं सारख्या अंतरावर बारा भोकं होती, आत गंजाची रेघ. म्हणजे तिथे तारेचे खांब होते, ताडपत्रीचं छत पेलणारे. केबिनच्या बाहेरच्या भिंतीवर रंग सगळीकडे उडालेला, पण दोन ठिकाणी बांगडीएवढं गोल, तिथला हिरवा अजून ताजा. तिथे लाइफबॉय, म्हणजे बुडणाऱ्याला फेकायची कडी, टांगलेले असणार, त्यांच्या सावलीत रंग टिकला. अशा खुणांची मी यादी केली, एकेचाळीस निघाल्या. चाळिसांचा अर्थ लागला. एकेचाळिसावं भोक पिछाडीला, अगदी मधोमध, पाण्याच्या वर दोन बोटं. त्याचं काही केल्या कळेना. त्याच्याकडे नंतर येतो.

मग माप. केबिनचा दरवाजा ५७ मिलिमीटर. खरा दरवाजा सहा फूट धरला, म्हणजे साधारण १८३० मिलिमीटर, तर भागाकार बत्तीसच्या आसपास येतो. म्हणजे बत्तिसाव्या हिश्शाचं मॉडेल. २७ इंच गुणिले ३२ म्हणजे ७२ फूट, लाँच म्हणून अगदी बरोबर. एकदा बत्तीस हा आकडा हाती लागला की बाकीचं त्यावर तपासता येतं. डेकची फळी चार इंची असेल तर इथे तीन मिलिमीटर. माणूस साडेपाच फुटी तर इथे पाच सेंटिमीटरला थोडा जास्त.

आणि इथेच ते रेलिंग फसलं! ते छत्रीच्या काड्यांचं आहे. तीन मिलिमीटर जाड. खऱ्या लाँचवर ते चार इंची पाइप झाले असते, धरायला हात पुरला नसता. मापाचा माणूस म्हणून माझे हात शिवशिवत होते, बारीक पितळी तार बाजारात मिळते, दोन संध्याकाळचं काम. नाही केलं. गोदीतला फिटर महिनाअखेरीला घरात जे असेल त्यातून रेलिंग करत होता, आणि त्यानं छत्री मोडली. बसवायला या काड्या सरळ केल्यात त्या पाहा, एकही पीळ नाही. हे त्याचं अक्षर आहे.

अशी त्याची अक्षरं आत सगळीकडे सापडत गेली. खिडक्यांना काच म्हणून एक्स-रेची फिल्म धुऊन लावलेली, म्हणून ती निळसर दिसते. एका खिडकीचा कोपरा नीट धुतला गेला नव्हता, तिथे भिंगातून पाहिलं तर बरगडीची सावली. कुणाची ते देवाला ठाऊक. धुराडं टाल्कम पावडरच्या डब्याचं, आत डोकावलं की गुलाबी फुलं दिसतात. आणि तळाच्या सांध्यांवर आतून सरसात भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या. त्यातल्या एकीवर कसल्याशा जाहिरातीतली किंमत उरली होती, "७५ न.पै." नवे पैसे! आपल्याकडे नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि १ जून १९६४ ला त्यातला 'नवे' गेला. लाँचचा जन्मदाखला मिळाला की नाही? तो कागद मी तसाच ठेवलाय, फक्त वरून पातळ लॅकर.

रंगाचं थोडक्यात सांगतो. सगळा खरवडायचा नाही. एका नखाएवढ्या जागी ओल्या वॉटर पेपरनं हळूहळू घासायचं, झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उघडी पडतात. इथे वरून पांढरा, खाली निळा, त्याच्या खाली हिरवा आणि तळाला शेंदरी प्रायमर. मूळचा हिरवा. पण एक सांभाळा, त्या काळच्या रंगात शिसं असायचं. घरगुती रंगात ते दहा लाखांत ९० भागांच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून कोरडं घासायचं नाही, मास्क लावायचा, आणि नातवंडं आजूबाजूला नकोत.

कीड मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ठाण्याच्या हवेत ती तुम्हालाही भेटणार. तळ सागाचा आहे, त्याला काही झालं नव्हतं. पण केबिन हलक्या लाकडाची, तिला बारीक भोकं. कीड जिवंत की मेलेली? केबिन काळ्या कागदावर आठ दिवस ठेवली. नवव्या दिवशी खाली पिठाच्या ढिगुल्या. जिवंत! मग तिला प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद केलं आणि फ्रीजरमध्ये पंधरा दिवस. आमच्याकडे त्या मोसमात मटार सोलून ठेवतात. घरात काय बोलणी झाली असतील ती तुम्ही समजून घ्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड लाकडावर पाणी सुटतं.

सुटलेले सांधे मी परत सरसानंच जोडले. सरस कोमट पाण्यानं सुटतो, उद्या कुणाला माझं काम चुकीचं वाटलं तर त्याला ते उलगडता यावं. इपॉक्सीनं जोडलं की लाकूड फुटेल पण सांधा सुटणार नाही. इपॉक्सी फक्त एका जागी वापरलं, शाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, नळीला, कारण तिथे पाणी आत येतं. नळीत ग्रीस, दोन्ही टोकांना सुताचं पॅकिंग.

आता वजन. लांबी बत्तिसाव्या हिश्शाची म्हणजे वजनही बत्तिसावा हिस्सा, असं नसतं. लांबी, रुंदी, खोली तिन्ही कमी होतात, म्हणून ३२ गुणिले ३२ गुणिले ३२, म्हणजे ३२,७६८ नं भागायचं. खरी लाँच ६० टनांची धरली तर मॉडेल १ किलो ८३० ग्रॅमचं. माझं भरलं सव्वा किलो. टबात सोडली तर बुचासारखी डुचमळायला लागली. तळाशी फडक्यात बांधलेल्या शिशाच्या गोळ्या होत्या, जाळ्याला लावतात त्याच, पण अर्ध्या हरवलेल्या. चेंदणी कोळीवाड्यातून उरलेल्या मागून आणल्या. एकेक गोळी पुढेमागे सरकवत पाण्याची रेघ जुन्या रंगाच्या रेघेवर आणली. त्याला एक अख्खी रात्र गेली, आणि अख्ख्या कामातली ती मला सगळ्यात आवडलेली रात्र.

मोटर मूळची नाही. टेपरेकॉर्डरची आहे, मिनिटाला २४०० फेऱ्यांची. ती त्या फिटरच्या मुलानं कॉलेजात असताना बसवली होती. मी तिच्या आतले कार्बनचे ब्रश साफ करून तीच ठेवली. वेगालाही बरी. खरी लाँच आठ नॉट, म्हणजे तासाला आठ सागरी मैल, जात असेल तर मॉडेलचा वेग ३२ च्या वर्गमुळानं भागायचा, म्हणजे जेमतेम दीड नॉट, तलावपाळीवर जेवणानंतर आपण रमतगमत चालतो त्याहूनही सावकाश. लोक मोठी मोटर लावतात आणि लाँचची स्पीडबोट करतात, मला ते बघवत नाही.

जे हरवलं होतं तेवढंच नवं केलं. धक्क्याला लागताना आपटू नये म्हणून लाँचला जुने टायर टांगतात, ते नळाच्या वॉशरचे केले. दोर शिवणकामाच्या दोऱ्याचे तीन पदर वळून, मेणातून ओढून. मेण नसेल तर दोऱ्याचे केस उभे राहतात आणि दोराला दाढी आल्यासारखी दिसते. रंग लावताना प्रत्येकात थेंबभर पांढरा. एका फुटावरून मॉडेल बघणं म्हणजे खरी लाँच बत्तीस फुटांवरून बघणं, आणि तेवढ्या अंतरावर रंग जरा फिके आणि कमी चकचकीत दिसतात.

(श्रोत्यांतून प्रश्न: दिव्यांचे रंग मूळचेच का?)

बरं पकडलंत. डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा हा नियम. माझ्याकडे आली तेव्हा उलटे होते, वर पोरवयातला ब्रशचा फराटा. मी ठरवलं, हीसुद्धा एक खूणच, राहू दे. मालकांना विचारलं. ते आता साठीचे आहेत. म्हणाले, "नाही हो, बदला. मीच रंगवले होते, आणि बाबा तेव्हा भयंकर चिडले होते." बदलले. माझं तत्त्व त्यांच्या बाबांपुढे काय टिकणार.

त्याच फोनवर मी त्यांना ते एकेचाळिसावं भोक विचारलं. लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, भरून घेतली होती, सुरी हातात होती, बुजवायलाच बसलो होतो. ते हसायला लागले. सुकाणू फिरवायला रिमोट कुठला तेव्हा. वडील तलावपाळीच्या पायरीवर बसून लाँच पाण्यात सोडायचे, आणि ती परत यावी म्हणून त्या भोकात गळाची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बांधायचे. मोटर बंद पडली की ओढून घ्यायची.

लांबी डब्यात परत गेली. आज भोकात नवी तंगूस बांधून आणलीय, त्या कोपऱ्यातल्या टबात सोडून दाखवतो. पुढच्या रांगेतल्यांनी जरा जपून या, तंगूस दिसत नाही, पायात येते. आणि कुणाला उचलून बघायची असेल तर तळाला हात घाला, रेलिंगला धरू नका.