उच्चारात लिहून द्या

नमस्कार श्रोतेहो.

या भाषणाची संहिता मी पहिल्यांदा पाठवली तेव्हा ती परत आली. कार्यक्रम अधिकारी बाईंनी सात-आठ शब्दांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या आणि समासात लिहिलं होतं, "हे उच्चारात लिहून द्या." ते शब्द मी रोमन लिपीतच ठेवले होते. संगणकाबद्दल मराठीत लिहिणारे आम्ही सगळेच तसं करतो. मजकूर देवनागरीत चाललेला असतो, मध्येच एखादं इंग्रजी नाव आलं की कीबोर्ड बदलायचा, नाव टाइप करायचं आणि पुन्हा मराठीवर यायचं. कुणी विचारलं तर म्हणायचं, अचूकतेसाठी. बाईंच्या पेन्सिलीने माझं बिंग फुटलं. रोमनमध्ये लिहिलं की त्याचा उच्चार काय, हे आपल्याला ठरवावं लागत नाही. ते वाचणाऱ्याच्या गळ्यात टाकून आपण मोकळे होतो.

रेडिओवर ही पळवाट नाही, आणि खरं म्हणजे देवनागरीतही नाही. इंग्रजी वर्तमानपत्र जी, आय, एफ ही तीन अक्षरं छापतं आणि वाचक घरी आपापल्या परीने वाचतो. मराठीत लिहायचं तर 'जिफ' लिहा नाहीतर 'गिफ' लिहा, बाजू घ्यावीच लागते. 'जीआयएफ' असंही लिहिता येतं म्हणा. मी कित्येक वर्षं तेच लिहिलं.

हे जिफ-गिफ प्रकरण काय आहे, ते थोडक्यात सांगते. हलणारी छोटी चित्रं असतात, मांजर टेबलावरून पडतं, पुन्हा वर येतं, पुन्हा पडतं, ती. चित्र साठवण्याचा हा प्रकार १९८७ साली अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या हाताखाली तयार झाला. जगभरातले लोक गिफ म्हणू लागले, विल्हाइट मात्र पहिल्यापासून जिफच म्हणत होते. २०१३ साली त्यांना वेबी पुरस्कार मिळाला, इंटरनेटवरच्या कामासाठी देतात तो. त्या समारंभाची रीत अशी, की सत्काराला उत्तर पाचच शब्दांत द्यायचं. विल्हाइट यांनी आपले पाच शब्द पडद्यावर झळकवले. मराठीत त्यांचा मतलब एवढाच, की उच्चार जिफ आहे, गिफ नाही. गंमत बघा, उच्चाराचा वाद आणि निकाल लेखी. लोकांनी तो मानला नाही, हे वेगळं.

गिफवाल्यांचा मुद्दा असा, की त्यातला जी हा 'ग्राफिक्स'मधला, म्हणून ग. ऐकायला बरा वाटतो. पण मग फोटो साठवायचा दुसरा प्रकार, जेपेग, त्याचं काय करायचं? त्यातला पी 'फोटोग्राफिक'चा आहे. त्या हिशेबाने 'जेफेग' म्हणायला हवं, आणि ते म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. आपल्या तोंडात गिफ्टचा ग असतो आणि जिराफाचा ज असतो. दोघांचं स्पेलिंग त्याच दोन अक्षरांनी सुरू होतं, तरी आपण दोन्ही बिनदिक्कत बोलतो. तेव्हा नियम काढत बसण्यात अर्थ नाही. तिसरा एक भाऊ आहे, पीएनजी. त्याच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहून ठेवलंय, की याचा उच्चार 'पिंग' करावा. कुणी करत नाही. आणि पुण्यात पीएनजी म्हटलं की आधी गाडगीळ सराफ आठवतात, मग स्वयंपाकघरातला पाइपचा गॅस, आणि चित्राची फाइल सगळ्यात शेवटी.

आद्याक्षरांचं एक बरं असतं, आपल्या जिभेला ती नवीन नाहीत. एसटीची आपण यष्टी केली, तेव्हा संगणक गावात आलाच नव्हता. सिडको हा सरळ शब्द झाला, एमएमआरडीए झाला नाही, कारण त्याच्या मधोमध जीभ टेकायला स्वरच नाही. आणि म्हाडा! एम, एच, ए, डी, ए. इंग्रजाला हे द्या, तो पहिल्या दोन अक्षरांवरच अडकेल. आपल्याकडे म्हैस आहे, म्हातारी आहे, म्हणी आहेत, त्यामुळे म्हाडाला कुणाला कसं म्हणायचं ते विचारावं लागलं नाही. पुण्याची संगणक संस्था सीडॅक, ती तर अर्धी अक्षर, अर्धी शब्द. सी सुटा, पुढचं डॅक जोडून. जेपेगही नेमकं तसंच, जे सुटा आणि पुढे पेग. सीडॅक म्हणणाऱ्याला जेपेग वेगळं शिकवावं लागत नाही.

तसंच ग्नूचं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प. ज्या प्राण्यावरून ते नाव आलं, त्याला इंग्रजीत नुसतं 'नू' म्हणतात, सुरुवातीचा ग गिळून. स्टॉलमन यांचा आग्रह, की इथे ग ऐकू आलाच पाहिजे, आणि ग आणि न यांच्यामध्ये स्वर येता कामा नये. ते कसं साधायचं हे इंग्रजी वाचकांना समजावून सांगावं लागतं. मग्न, भग्न, अग्नी म्हणत वाढलेल्या माणसाला यात अवघड काय? उलट आपल्याला ज्ञ चा अनुभव आहे. अक्षर एकच. आपण त्याला द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य म्हणतात, गुजराती ग्न म्हणतात. नागपूरच्या माझ्या मावशीकडे 'विग्यान' आणि 'विद्न्यान' एकाच जेवणाच्या ताटावर ऐकलंय मी, आणि भाजी कुणाची थांबली नाही.

संगणक चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीबद्दल फार बोलत नाही, कारण मराठीत तो वाद फारसा उरलेला नाही. लायनक्स म्हणणारे कमी होत गेले. १९९१ साली हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी विल्हाइटपेक्षा शहाणपणा केला. आपण ते नाव कसं उच्चारतो, हे त्यांनी एका वाक्यात स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवलं. रेडिओवाल्यांना पटेल असा उपाय.

आता वर्गात या. मी वीसेक वर्षं एका तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग घेतले. सी भाषा शिकवताना टर्बो सी नावाची निळी खिडकी उघडायची आणि फळ्यावर लिहायचं, माहितीच्या कुठल्या प्रकाराला किती जागा लागते. अक्षर साठवायच्या प्रकाराचं नाव 'कॅरेक्टर' या शब्दाची पहिली चार अक्षरं. आम्ही त्याला चार म्हणायचो. एका मुलीने वहीत उतरवून घेताना मोठ्याने वाचलं, "चार एक बाइट, इंट दोन बाइट, फ्लोट चार बाइट." मग थांबली. म्हणाली, "मॅडम, चार एक असेल, तर फ्लोट चार म्हणजे पण एकच ना?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण तिचं काही चुकलं नव्हतं. माझ्या फळ्यावरचं वाक्य मराठीत तसंच ऐकू येत होतं.

काही लोक त्याला 'कॅर' म्हणतात. मूळ शब्द कॅरेक्टर, म्हणून कॅर. सी प्लस प्लस भाषा करणारे ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप मात्र 'चार'च्या बाजूचे आहेत. याला तर्क नाही, हे त्यांनाही मान्य आहे, पण इंग्रजी स्पेलिंगकडून तर्काची अपेक्षा कुणी केली होती, असा त्यांचा सूर. मी चारवरच राहिले. पुढच्या तुकडीपासून फळ्यावर 'चार'भोवती गोल करायला लागले.

इथे आपण मराठी माणसं कॉलर ताठ करतो. आमचं बघा, जसं लिहितो तसं बोलतो! खरंच का? हे वाक्य ऐका. चार गुरं चारायला नेली. पहिला चा आणि दुसरा चा एक आहे का? कागदावर एकच आहे. चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा. आपल्या लिपीत त्यासाठी ना टिंब आहे ना खूण. मूल ते आईच्या तोंडून शिकतं, पुस्तकातून नाही. मराठी वाचायला शिकलेला परप्रांतीय पाहुणा चमच्याला चहाचा च लावतो, तेव्हा आपण गालात हसतो. त्याने चमचा वाचलेला असतो, ऐकलेला नसतो.

हे सगळं मी आत्तापर्यंत हसत हसत सांगितलं. पुढचं तसं सांगता येत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. हुशार. घरची थोडी शेती, इंग्रजी बेताचं. डेटाबेसला प्रश्न विचारायची जी भाषा असते, एस, क्यू, एल, ती त्याने दोन महिन्यांत अशी आत्मसात केली, की मला अडलं तर मी त्याला विचारायची. पुण्यात एका कंपनीत मुलाखत होती. संध्याकाळी त्याचा फोन आला. स्टँडवरून बोलत होता, मागे गाड्यांच्या घोषणा चालू होत्या.

"सगळं आलं मॅडम. पण त्यांनी विचारलं, सीक्वल येतं का. मी नाही म्हणालो."

"नाही म्हणालास?"

"आपलं एस क्यू एल झालंय. सीक्वल नाही ना झालं. मला वाटलं पिच्चरचा पार्ट टू असतो तसं त्याच्या पुढचं काहीतरी असेल."

मी म्हणाले, "अरे, तेच ते."

त्यानंतर बराच वेळ फक्त घोषणाच ऐकू आल्या. कुठली गाडी कितव्या फलाटाला लागली, ते सगळं मला कळलं. तो काही बोलला नाही.

त्याची कल्पना मूर्खपणाची नव्हती, हे मी नंतर त्याला सांगितलं. १९७४ साली आयबीएमच्या सॅन होजेमधल्या प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा मांडली तेव्हा तिचं नाव खरोखर 'सीक्वेल' असंच होतं, सहा अक्षरी, स्वरांसकट. पण ते नाव हॉकर सिडली या ब्रिटिश विमान कंपनीच्या ट्रेडमार्कमध्ये अडकलं. मग स्वर काढून टाकले, एस-क्यू-एल उरलं. कागदावरचं नाव बदललं, लोकांच्या जिभेवरचं गेलं नाही. म्हणजे सीक्वल म्हणणारे जुनं नाव चालवतात आणि एस क्यू एल म्हणणारे छापील नाव वाचतात. दोघांचंही बरोबर आहे. मायएसक्यूएल नावाचा जो प्रसिद्ध डेटाबेस आहे, त्याच्या माहितीपत्रकात एस-क्यू-एल असं सुटं म्हणा, पण 'सीक्वल' म्हणालात तरी आमची हरकत नाही, असं लिहिलेलं आहे. त्यातला 'माय' म्हणजे इंग्रजीतला 'माझा'ही नाही आणि आपली मायही नाही. तो बनवणाऱ्या मॉंटी विडेनियस यांच्या लेकीचं ते नाव.

पण हे ज्ञान त्या दिवशी त्याच्या काय कामाचं? आणि मला दोन्ही उच्चार ठाऊक होते. वर्षानुवर्षं ठाऊक होते. मग त्याला का सांगितले नाहीत? कारण माझ्या पुस्तिकेत ती तीन अक्षरं मी रोमनमध्येच छापली होती. अचूकतेसाठी. देवनागरीत लिहायला बसले असते, तर पहिल्याच ओळीत पेन थांबलं असतं, एस क्यू एल लिहू की सीक्वल? आणि थांबलेल्या पेनाने दोन्ही लिहिलं असतं.

या मुलाला शाळेत 'पानी' म्हटल्याबद्दल हसलेलं होतं. त्याने घासून घासून 'पाणी', 'लोणी', 'आणि' शिकून घेतलं होतं. न-ण चं हे ओझं आपल्याकडे कुणावर पडतं आणि कुणावर पडत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्या घरात भाऊ, काका, आत्या संगणकाच्या नोकरीत असतात, त्याने सीक्वल जेवताना ऐकलेलं असतं. याने ते पुस्तकातून घेतलं होतं, आणि पुस्तक माझं होतं.

त्याला पुढे दुसरीकडे नोकरी लागली, चांगली चालली आहे. ऑफिसात तो सीक्वल म्हणतो, माझ्याशी बोलताना एस क्यू एल म्हणतो, आणि गावी गेला की पानी पितो.

पुस्तिकेची नवी आवृत्ती मी पूर्ण देवनागरीत केली. वेळ तिप्पट लागला. अक्षरांना आकडे देणारी ॲस्की नावाची पद्धत आहे, तिच्यापाशी एक संध्याकाळ गेली, कारण तिच्या नावाच्या शेवटी दोन आय येतात आणि मुलं ते रोमन आकडा समजून 'एएससी टू' वाचतात. एन्जिनएक्स नावाचा एक सर्व्हर आहे, त्याच्या स्पेलिंगमध्ये इंजिनच्या सुरुवातीचा आणि शेवटचा ई गाळलेला आहे. पाच अक्षरं, एन, जी, आय, एन, एक्स, आणि म्हणायचं 'इंजिन एक्स'. न्गिंक्स असं वाचणाऱ्या मुलाला मी आता काय बोलणार? जिथे दोन उच्चार चालतात, तिथे दोन्ही छापले, आणि मुलाखतीत कुठला कानावर येईल तेही लिहिलं.

राहता राहिलं ते बाईंचं पेन्सिलीचं काम. एकेका शब्दाचा उच्चार लिहून संहिता परत पाठवली. जिफ-गिफपाशी मी शेवटी करणाऱ्या माणसाचा मान राखायचा ठरवला आणि पहिल्या उल्लेखाला ठळक अक्षरांत 'जिफ' लिहिलं. स्टुडिओत बसले, लाल दिवा लागला, आणि ती ओळ आली तेव्हा तोंडातून सवयीने 'गिफ' निघून गेलं. काचेपलीकडून ध्वनिमुद्रकाने हात वर केला. पुन्हा घेतलं, पुन्हा गिफ. तुम्ही मघाशी ऐकलंत ते तिसऱ्या खेपेचं.

नमस्कार.