पाचगावने सोडलेली पानं

(दृश्य: मे महिन्यातली पहाट. रस्त्याच्या कडेने जंगलाकडे निघालेल्या बाया, खांद्यावर रिकामी फडकी.)

मे महिना लागला की पूर्व विदर्भातली गावं उजाडायच्या कितीतरी आधी जागी होतात. ऊन चढायच्या आत जंगल गाठायचं, तेंदूची कोवळी पानं खुडायची, गाठोडं बांधून घरी यायचं. मग ओसरीवर सगळं घर बसतं. आजी, सुना, शाळेला सुट्टी लागलेली पोरं. पान पुसायचं, देठ जुळवायचे, सत्तर पानं झाली की पुडा बांधायचा. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा. पण खरिपाचं बियाणं, लग्नाचा बस्ता, आजारपणाची उधारी, सगळं या दोन आठवड्यांच्या कमाईकडे डोळे लावून असतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं लहानसं गाव आहे. या गावाने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. वनखात्याची बंदी नव्हती, कोर्टाचा आदेश नव्हता. ग्रामसभेत लोक बसले, बोलले आणि हातात येणारा पैसा त्यांनी सोडला.

(दृश्य: जळालेल्या पाचोळ्यातून वर आलेली तेंदूची लालसर पालवी.)

असं का केलं, हे समजायला पानाजवळ जावं लागतं. विडीला लागतं ते कोवळं, लवचीक पान. ते भरपूर यावं म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर तेंदूची झुडपं छाटतात, आणि कितीतरी ठिकाणी जंगलाला आग लावतात. आगीनंतर फूट जोमाने येते. पण तीच आग जमिनीवरचं बियाणं, साग-धावड्याची रोपं, पक्ष्यांची घरटी, मातीवरचा पाचोळा, सगळं घेऊन जाते. पहिल्या पावसात उघडी माती नाल्याला लागते. दरवर्षी छाटलेल्या तेंदूचं झाड होत नाही, त्याला टेंभरं लागत नाहीत. टेंभरं म्हणजे गावच्या पोरांचा उन्हाळ्यातला फुकटचा मेवा, अस्वलाचं आणि पाखरांचं खाणं. आणि शेवटी त्या पानाची विडी होते. ती ओढणाऱ्याचं काय होतं, हेही पाचगावच्या लोकांनी विचारात घेतलं.

जंगल राखण्याच्या कुठल्याही प्रकल्पाच्या कागदात ‘सामाजिक आणि पर्यावरणीय जोखीम’ असा रकाना असतो. बहुतेक वेळा तो शहरातल्या टेबलावर भरला जातो. पाचगावात तो ग्रामसभेत भरला गेला, आणि भरणाऱ्यांनी त्याची किंमत स्वतःच्या खिशातून दिली. म्हणून हे गाव मला फार मोलाचं वाटतं.

(दृश्य: बांबूचं जंगल. एका रांजीभोवती, म्हणजे बांबूच्या बेटाभोवती, उभे असलेले चार-पाच जण.)

हा निर्णय परवडला कसा? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

2006 साली वनहक्क कायदा झाला. या कायद्याने गावाच्या परंपरागत वापरातल्या जंगलावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य केला. ते राखायचा, वाढवायचा आणि त्याचं नियोजन करायचा अधिकार दिला. शिवाय बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे इमारती लाकडात न धरता मोह-तेंदूच्या पंगतीत बसवलं. हा बदल फार मोठा होता. तोवर बांबू कागद गिरण्यांना करारावर मिळायचा आणि बांबूच्या जंगलात जन्मलेल्या माणसाला सूप-टोपली विणायलाही परवानगी मागावी लागायची.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा हक्क त्यांना मिळाला. कागद मिळाला, तरी बांबू गाडीत घालून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागायचा, आणि तो वनखात्याच्या हातात होता. गाव अडून बसलं. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं.

पुढच्या वर्षी, 2012 मध्ये, पाचगावला सुमारे 1,000 हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तिथेही बांबू भरपूर. तेंदू सोडला तेव्हा पाठीशी बांबूची मजुरी होती, हे विसरून चालणार नाही. उपाशी माणसाला त्याग शिकवणं सोपं असतं. पाचगावने आधी चुलीची सोय पाहिली आणि मग पान सोडलं.

पण बांबूचीही जोखीम असतेच. रांजीत कुऱ्हाड घालायला लागलं की हात थांबत नाही. सोपं म्हणून कडेचे कोवळे बांबू तोडले, मधले जून तसेच राहिले, तर रांजी आतून गच्च होऊन मरते. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, निघतात, ते सगळे खाल्ले तर पुढच्या वर्षी तोडायला काय राहणार? म्हणून कोवळ्याला हात लावायचा नाही, आधारापुरते जुने बांबू ठेवायचे, कंद उकरायचा नाही, पावसाळ्यात तोड बंद. हे शास्त्र बुरूडकाम करणाऱ्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. ग्रामसभेने त्याचा नियम केला की चुकणाऱ्याला विचारणारं कुणीतरी असतं. पाचगावने याच्याही पुढे जाऊन सुमारे 34 हेक्टर जंगल अगदी बाजूला काढलं. तिथे तोड नाही, वेचणं नाही. देवराई राखायची जुनी रीतच त्यांनी नव्या कायद्याच्या बळावर पुन्हा धरली. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल आवर्जून लिहिलं आहे.

(दृश्य: झाडाखाली भरलेली ग्रामसभा. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. नोंदवहीवर अंगठा उठवणारा हात.)

आता माणसांकडे येऊ. जंगलात पैसा दिसू लागला की भांडणं गावात येतात. मोजणी कुणी केली, मजुरी कुणाच्या खात्यात गेली, कंत्राटदाराची गाडी रात्री कुणाच्या दारात थांबली. वणवा दिसतो तरी. हे आत धुमसत राहतं आणि एक दिवस ग्रामसभाच मोडते.

मेंढा-लेखाने यावर फार पूर्वीपासून धरलेली वाट म्हणजे सर्वसहमती. बहुमताने निर्णय घ्यायचा नाही. एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बसायचं, त्याचं ऐकायचं. वेळ लागतो, चिडचिड होते. पण दहा घरांना डावलून केलेला जंगलाचा नियम त्या दहा घरांच्याच कुऱ्हाडीने मोडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ग्रामसभेच्या जोडीला गावात अभ्यासगट चालतो. तिथे ठराव होत नाही, नुसती चर्चा होते. बाहेरचा जाणकारही येऊन बसतो. निर्णय मात्र ग्रामसभेचाच.

बायांचं काय? मोहफूल वेचतात त्या, पान खुडतात त्या, जळण आणतात त्या. आणि ठरावाच्या वेळी त्या मागच्या रांगेत पदर सावरून गप्प. वनहक्क कायद्याच्या नियमांत ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. पण हजेरी म्हणजे बोलणं नव्हे. गडचिरोलीतल्या कोरची तालुक्यात बायांनी आधी आपला परिसंघ उभा केला, आणि नव्वदच्या आसपास ग्रामसभांची महाग्रामसभा झाली तेव्हा गावागावातून पुरुषांच्या बरोबरीने स्त्री प्रतिनिधी गेल्या. याच टापूतल्या ग्रामसभा झेंडेपारच्या लोहखनिज खाणीविरुद्ध उभ्या राहिल्या. तेंदूच्या लिलावातही एकत्र बसण्याचा उपयोग झाला. एकटं गाव असलं की कंत्राटदार भाव पाडतो, उचल देऊन माल नेतो आणि उरलेल्या पैशासाठी वर्षभर फिरवतो. तालुका एकत्र बसला की त्याला नीट बोलावं लागतं.

(दृश्य: मोहाच्या झाडाखाली झाडलेली स्वच्छ जमीन. शेजारी गोळा केलेला पाचोळा.)

मोहाखालची आग ही अशीच रोजची गोष्ट. फूल दिसावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, वारा सुटतो आणि डोंगर जातो. उपाय साधा आहे: खराटा घेऊन झाडायचं किंवा खाली जाळी बांधायची. पण झाडायला पहाटेचा एक तास जातो, आणि तो जातो बाईचा. म्हणून आगबंदीच्या ठरावासोबत जाळीचा खर्च ग्रामसभेच्या खात्यातून झाला पाहिजे. नुसता दंड लावला तर जंगल वाचवण्याचा सगळा भार एकटीच्या कमरेवर येतो.

आणि वाघ. यावर हळुवार बोलण्यात अर्थ नाही. मे 2025 मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रियांचा वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी जीव गेला. पहाटेची वेळ आणि झुडपापाशी वाकलेलं शरीर. वाघाच्या नजरेला ते माणूस वाटत नाही. जंगल वाढलं, वाघ वाढला, याचा आनंद सगळ्या देशाने करायचा आणि जोखीम मात्र पान तोडणारीने घ्यायची, हे न्यायाचं नाही. गडचिरोलीत 2021 पासून छत्तीसगडकडून हत्तीही आले आहेत. शेतात रचलेलं धानाचं पुंजणं आणि घरात साठवलेला मोह, दोन्हींच्या वासाने ते गावात शिरतात.

(दृश्य: फळीवर रचलेले पुडे. पेटीवर बसलेला मुनीम, समोर रांग.)

पाचगावसारखं पान सोडणं प्रत्येक गावाला जमणार नाही. बांबू नसलेल्या गावाला तेंदू तोडावाच लागेल. अशा ग्रामसभांनी पुढच्या हंगामाच्या करारात काही अटी आत्ताच घालून ठेवाव्यात. छाटणी असेल, आग नाही. आग लागलेल्या भागातलं पान कंत्राटदाराने घ्यायचं नाही. पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय वाहतूक परवाना द्यायचा नाही. मजुरी जिने पान तोडलं तिच्याच खात्यात. वाघाचा वावर असलेला भाग त्या आठवड्यापुरता बंद, उजाडल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, आणि गेलं तर टोळीने, राखणदार ठेवून. राखणदाराची मजुरी करारातच धरलेली. तोडणाऱ्या प्रत्येकीचा विमा लिलावाच्या आधी. लिलाव उन्हाळ्याआधीच होतात, म्हणजे ही ग्रामसभा हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपली की लगेच बसवावी लागेल.