तारेचा पीळ

(दृश्य: द्राक्षबाग, सकाळ. दोन हात, पक्कड, तार.)

हे हात नीट पाहा. मांडवाची तार तुटलीय, काका ती सांधतायत. एरवी बागेत तार गुंडाळून गाठ मारली की काम झालं. इथं मात्र पीळ पडतोय, इंचाला ६ ते ८, सगळे सारखे. टोक आत वळवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून.

ही सवय बागेतली नाही. मिग-२१ या लढाऊ विमानाची आहे.

(दृश्य: ओझरचा रस्ता, लांबच लांब भिंत.)

या भिंतीमागचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ चा. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आदल्याच वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेलेले. विमान रशियन बनावटीचं. इंजिन ओडिशातल्या कोरापूटचं, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादची, सांगाडा आणि जोडणी ओझरची. आधी सुटे भाग खोक्यांतून यायचे. मग पत्रा कापण्यापासून सगळं इथंच होऊ लागलं. कांदा-द्राक्षांच्या या निफाड तालुक्यात!

काका १९७२ साली शिकाऊ फिटर म्हणून लागले. २०१२ ला निवृत्त झाले.

(दृश्य: ओसरी. पाटावर दोन बोल्ट.)

विमानाच्या अशा बोल्टच्या डोक्याला आरपार बारीक भोक असतं. त्यातून तार ओवायची, पीळ देत शेजारच्या बोल्टपर्यंत न्यायची, त्याच्या भोकातून काढायची, पुन्हा पीळ. खरी मेख आहे दिशेत. एक बोल्ट सैल व्हायला लागला, की तारेनं दुसऱ्याला आवळायच्या बाजूलाच ओढलं पाहिजे. उलटी बांधली तर तार असून नसल्यासारखी. पीळ कमी पडला तर तार थरथरून झिजते, जास्त झाला तर ताठरते आणि तुटते. काका दोनदा बांधून दाखवतात. दुसऱ्यांदा डोळे मिटून.

मिगचं इंजिन बाहेर काढायचं तर शेपटीकडचा अख्खा भाग सुटा करून मागं ओढावा लागतो. पुन्हा जोडताना प्रत्येक नळी, प्रत्येक वायर, प्रत्येक बोल्ट जागच्या जागी. सुट्टीचा भोंगा झाला तरी हत्यारं मोजून परत दिल्याशिवाय कुणी हलायचं नाही. कापलेल्या तारेचा तुकडासुद्धा शोधायचा, कारण तो इंजिनात ओढला गेला तर पाती जातात.

वैमानिकांची नावं आपण लक्षात ठेवतो, ठेवायलाच हवीत. पण या पिळाखाली सही करणाऱ्या माणसाचं नाव कुठं लिहिलेलं नाही, म्हणून ही फिल्म.

या विमानाला अपघात खूप झाले, कितीतरी वैमानिक गेले. काकांना उजव्या कानानं आता ऐकू येत नाही.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, काकांचा चेहरा.)

२६ सप्टेंबर २०२५, चंडीगड. हवाई दलातून मिग-२१ चा निरोप. विमानं आकाशात होती तोवर काका मागं टेकून बसले होते. उतरल्यावर कॅमेरा चाकांजवळ गेला, तेव्हा चष्मा वर करून पुढं सरकले.

(दृश्य: पुन्हा बाग. वरून सुखोईचा आवाज.)

काकांनी डावा कान वर केला, क्षणभर थांबले. मांडवाची तार अजून दोन ठिकाणी तुटलीय.